शिरपूरची फेरी

आमचे हे शिरपूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. ज्या मोटारसायकलवर मागे बसवून त्यांनी मला सारा खान्देश दाखवला, ती अजून अंगणात लिंबाखाली उभी आहे. आता त्यांना माझं नावही आठवत नाही, पण सकाळी कामावर जायचं तेवढं आठवतं. किल्ली लपवली की रडतात, म्हणून मी ती त्यांच्या खिशातच राहू दिली.

ते किक मारतात, गिअर टाकतात, रेस करतात. क्लच पार झिजलेला, त्यामुळे गाडी जागची हलत नाही. थोड्या वेळाने, जाऊन आल्याच्या समाधानाने घरात येतात आणि म्हणतात, "शिरपूर जाई वनू."

"गर्दी होती का?" मी चहा देत विचारते.

"आग्रा रोडले ट्रकच ट्रक."

काल मी मुक्ताईच्या दर्शनाला गेले आणि मुक्काम करून आज सकाळी परतले. सुट्टीला आलेली नातवंडं, मयुरी आणि हितेंद्र, दोन मित्रांसोबत मोरीत ऑइलचे हात धूत होती.

"आजी, नाना बिचारे रोज नुसतेच बसून उतरतात," मयुरी म्हणाली. "आम्ही चौघांनी मिळून क्लच उघडला, सगळ्या प्लेटा नव्या टाकल्या."

"नानांना सांगितलंत?"

"सरप्राईज शे," हितेंद्र हसला.



अंगणात किक बसली, आणि रोज लिंबाखालीच थांबणारा तो आवाज आग्रा रोडकडे वळून हळूहळू ऐकू येईनासा झाला.