आत ओढलेले काठ

प्रदर्शनात कापडांवर नुसते नंबर होते, विणणाऱ्यांची नावं झाकलेली. तरी चौदा नंबरच्या कापडापुढे येताच परीक्षक म्हणून बोलावलेल्या मुरलेल्या विणकराने विणणारीचा हात ओळखला.

"हात काय सुरेख आहे हो!" सोबतच्या परीक्षक बाई कापडावरून बोटं फिरवत म्हणाल्या. "डोळे झाकून पहिला नंबर दिला असता. पण काठ बघा, सगळे आत ओढलेत. आडवा धागा जरा सैल टाकायचा असतो, एवढं साधं शिकवणाऱ्याने सांगू नये?"

ते कापड त्याच्या धाकट्या बहिणीचं होतं. तिला मागावर त्यानेच बसवलं होतं. सहा महिन्यांत तिचं कापड त्याच्यापेक्षा सरस उतरायला लागलं, तेव्हा तेवढी एक गोष्ट त्याने हातची राखली. सांगू पुढे कधीतरी, म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली.

बाईंनी चौदा नंबरावर काट मारली. त्याने मान खाली घालून शेजारी सही केली.

निकालानंतर बहीण व्हरांड्यात भेटली. चेहरा उतरलेला होता, पण त्याला बघून हसली.

"दादा, त्या बाई फार खोदून खोदून विचारत होत्या रे, कोणाकडे शिकलीस म्हणून."

"मग?"

"मग काय, सांगून टाकलं, माझी मीच शिकले. माझ्या वेंधळेपणापायी तुझं नाव कशाला खराब?"