हातच्याची वजाबाकी

"उत्तर बरोबर आहे ना, बाई? मग फुली कशाला?" भर वर्गात लेकीची वही टेबलावर उघडून अनुसया विचारत होती.

वाळुंजबाई आधीच वैतागल्या होत्या. चार वर्षांत तिसऱ्यांदा पुस्तक बदललं होतं. "नव्या पुस्तकात हातचा नाही, अनुसया. दशक सुटा करून, चौकटी काढून करायचं. रीत चुकली की गुण नाहीत, असं वरून आलंय."

"पण घरी मी शिकवते तिला. आणि मला हातचा तुम्हीच शिकवलात, याच वर्गात."

"म्हणून तर सांगते, आता घरी शिकवू नकोस. मुलांचा गोंधळ होतो."

अनुसयाने मान हलवली. "तीसुद्धा कालच म्हणाली, आई, तुला गणित येत नाही." वही मिटून ती निघाली.

एवढं ऐकल्यावर मात्र बाईंना बसवेना. त्यांनी तिला दारात गाठलं, हात धरून फळ्यापाशी आणलं आणि एक वजाबाकी लिहून दिली.

"तुझ्या रीतीने सोडव," त्या म्हणाल्या. मग मुलांकडे वळल्या. "नीट बघा. हीसुद्धा रीत बरोबर आहे. परीक्षेत लिहू नका, पण घरी आईला चुकीचं ठरवायचं नाही."