पेनिसिलिनच्या जागी

१९५६ च्या श्रावणात रुक्मिणी बाळंत झाली आणि तिला जो ताप चढला तो उतरेचना. पावसामुळे मुंबईची बोट बंद होती. मालवणातच काय, पार कणकवलीपर्यंत पेनिसिलिन मिळत नव्हतं.

डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, हरिश्चंद्राला, बाजूला घेतलं. "माझ्यापाशी क्षयाची इंजेक्शनं आहेत, स्ट्रेप्टोमायसिन. त्यांनी जीव वाचेल कदाचित. पण औषध जहाल आहे, मागे काय बिघडवून ठेवील सांगता येत नाही."

हरिश्चंद्राची पहिली बायको अशाच तापात गेली होती. तो हात जोडून म्हणाला, "तुमी द्या, डॉक्टर. ती जगाक होयी. दुसरा माका काय एक नको."

इंजेक्शनं चालू राहिली, ताप हळूहळू ओसरला. एका सकाळी रुक्मिणीने डोळे उघडले, पेजेचे दोन घोट घेतले. हरिश्चंद्राला हुंदका आवरेना. भुकेने टाहो फोडणारं पोर त्याने उचललं आणि तिच्या कुशीत ठेवलं.



पोराच्या वासलेल्या तोंडाकडे ती बघतच राहिली आणि घर दणाणेल एवढ्या मोठ्याने तिने विचारलं, "ओ, ह्याचो आवाज खंय गेलो?"