अदलाबदल

"त्यांना नाही जमणार," काकू म्हणाल्या. "काय विचारायचं ते मला विचारा."

"आज नाही," नाटकवाली ताई म्हणाली. वृद्धांच्या केंद्रात ती नाटकातून उपचार करायची. "आज अदलाबदल. काका होतील काकू आणि तुम्ही काका. त्यांच्या खुर्चीत बसायचं आणि एक शब्द बोलायचा नाही."

काका घड्याळं दुरुस्त करायचे. अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि जीभ अडखळायला लागली. एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. तो निघायच्या आत काकू बोलून मोकळ्या व्हायच्या. भूक आहे की नाही, पंखा हवा की नको, सगळं काकूच सांगायच्या.

काकू धुसफुसत खुर्चीत बसल्या. काकांनी काठी भिंतीला टेकवली. खिशातून रुमाल काढला, काकूंचं तोंड खसाखसा पुसलं. कोरडंच होतं, तरी पुन्हा पुसलं. खांद्यावरची शाल हिसका देऊन सारखी केली. मग जमलेल्या गटाकडे वळून कपाळाला हात लावला. हुबेहूब काकू. सगळे खो-खो हसले.

काका हसत नव्हते. त्यांनी तिसऱ्यांदा रुमाल पुढे केला, तेव्हा काकूंनी तो हिसकावून फेकला.

"घरी मी राबायचं आणि चारचौघांत यांनी माझी शोभा करायची," त्या ताडकन उठल्या. "म्हणे उपचार. चला घरी."

काकांनी मानेनेच नाही म्हटलं. डोळ्यांत अंगार होता. ते पाय ओढत कोपऱ्यात गेले. तिथे नसलेलं दार त्यांनी लोटलं, नसलेली कडी घातली. डाव्या हाताने नसलेला नळ सोडला. मग मनगट तोंडात दाबलं आणि त्यांचे खांदे गदगदायला लागले. आवाज अजिबात नाही. बराच वेळ. शेवटी नळ बंद केला, चेहऱ्यावर पाणी मारलं, केस सारखे केले. ओठांवर हसू ओढून ते वळले.

ताई पुढे झाली. काकूंनी तिला हाताने अडवलं.

"नळ सोडल्यावरही ऐकू यायचं तुम्हाला?"

काकांचा जबडा हलला. शब्द येईना. काकूंच्या ओठांवर तो आलाही होता. त्यांनी तो गिळला आणि वाट पाहिली.

"रो... रोज," काका म्हणाले. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. "कडी... कडी का... लावतेस?"