संघाची शेवटची सभा

विद्यापीठांच्या लेखापरीक्षक आणि जोखीम व्यवस्थापकांच्या संघात धायगुडेबाई आता एकट्याच सभासद उरल्या होत्या. बाकीच्यांचं काम आता यंत्रं बघत, आणि ती यंत्रं सभेला पडद्यावर पाहुणे म्हणून येत. आज दुसरा सभासद मिळाला नाही, तर संघ बंद होणार होता. तरी बाईंनी रिवाज मोडला नाही. सभेच्या सुरुवातीला प्रत्येकाने वर्षभरातली आपली एक चूक सांगायची. जो सांगेल तोच सभासद.

“चूक नाही,” एकामागून एक यंत्रं म्हणाली.

शेवटी एका लहानशा विद्यापीठाचं यंत्र चाचरलं. “वसतिगृहाचं मागचं दार मी धोक्याचं म्हणून बंद केलं. स्वयंपाकाच्या शेवंताबाईंना त्यामुळे मोठा वळसा पडला. त्या उशिरा येऊ लागल्या, तर मी त्यांचं नावही धोक्याच्या यादीत घातलं.”

“मग?” बाईंनी विचारलं.

“मघाशी दार उघडलं, नाव काढलं. आधीच विचारायला हवं होतं. पण विचारायचं कुणाला?”

“अरे, मग आम्ही इतकी वर्षं इथे नुसता चहा प्यायला जमत होतो का?”

बाईंनी संघ बंद करण्याचा अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: सभासद दुसरा.