उजवी अमिनो आम्लं

"सुनंदाताई, आटपा आता. आपल्याला न्यायला यान उतरायला आलंय," इर्शाद मुलाणी बॅगेची चेन ओढत म्हणाला. त्याची लेक तो युरोपाकडे निघाल्यानंतर जन्मली होती. गुरूच्या या गोठलेल्या चंद्रावर, बर्फाखालच्या तळात ते दोघंच राहत होते.

सुनंदा घैसास बर्फाखालच्या समुद्राच्या पाण्याचा शेवटचा नमुना तपासत होती. पाण्यात जीव सापडला, तर तळावरच्या कुणीही पृथ्वीवर परतायचं नाही, या अटीवर दोघं इथे आले होते.

तपासणी यंत्रातल्या केसासारख्या बारीक नळीच्या वेटोळ्यातून नमुन्याची वाफ सरकली आणि पडद्यावरची रेघ उसळली. अमिनो आम्ल! प्रथिनांची ही वीट दोन हातांसारखी, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या डाव्या आणि उजव्या रूपांत असते. डावं असू दे, सुनंदा पुटपुटली. पृथ्वीवरचे जीव डाव्या अमिनो आम्लांचे बनलेले. डावं निघालं तर ते आपल्याच बोटांवरून नमुन्यात गेलेलं. निर्जीव बर्फात डावी-उजवी सारख्याच प्रमाणात असतात.

पण ते उजवं होतं, नुसतं उजवं; म्हणजे इथल्याच कुठल्यातरी जिवाचं. तिने नवा नमुना घातला. तेच आलं.

इर्शाद मागे येऊन उभा राहिला होता. "पुसून टाका ना," तो हळूच म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"हेच पाणी आपण वर्षभर प्यायलोय, इर्शाद. जे आहे ते आपल्याही अंगात असेल. लेकीला कडेवर घेशील?"

तेवढ्यात यानातून आवाज आला, "तळ, आम्ही उतरू का?"

सुनंदाच्या आधी इर्शादनेच माईक उचलला.

"नका उतरू," तो म्हणाला.