चार फूट दोन इंच

रामाजीनं वाळूच्या खड्ड्याकडे पाठ केली. मागून धावत्या पावलांचा आवाज आला, मग काठी पडल्याचा. नुसती काठीच पडली की पोरगीही, हे कळायला वळून पाहावं लागलं असतं. तो वळला नाही.

"उठली ती," प्रेमलाबाई म्हणाल्या. "लागलं नाही कुठं. अजून एक उडी आहे."

प्रेमलाबाई शाळेच्या खेळाच्या शिक्षिका. रामाजीच्या पंचफुलाला उंच उडीचं वेड त्यांनीच लावलं होतं. आज भिलाईत, शाळेच्याच मैदानावर निवड होती. काठी चार फूट दोन इंचांवर होती. ती ओलांडली तर पंधरा वर्षांची पंचफुला जबलपूरच्या सामन्यांना जाणार होती. दोन उड्या वाया गेल्या होत्या.

फॉर्मवर सही रामाजीनंच केली होती, बायको मैनाबाई नको नको म्हणत असताना. गोंदियाकडच्या त्यांच्या मूळ गावात वयात आलेली पोरगी चारचौघांत उड्या मारते, हे कुणी ऐकलंही नव्हतं. शेजारीपाजारी बोलत. रामाजी ऐकून घेई आणि रोज सकाळी ड्यूटीआधी पोरीला सायकलवर बसवून मैदानावर सोडी. लोकांची त्याला भीती नव्हती.

भीती बसली ती महिन्यापूर्वी. पंचफुला वाळूच्या बाहेर पडली, तीही मानेवर. दोन मिनिटं तिनं डोळे उघडले नाहीत. डॉक्टरांनी तपासलं, आठ दिवस घरी ठेवलं आणि सांगितलं, काही नाही, खेळू द्या. रामाजीनं खेळू दिलं. पण तो स्वतः त्या दोन मिनिटांतून बाहेर आला नाही. जेवताना घास हातातच राही.

आणि हाच माणूस कारखान्याच्या नव्या चिमणीवर, दोनशे फुटांवर, लोखंड जोडायचं काम करी. वीतभर रुंदीच्या पट्टीवरून तो गल्लीतून चालावं तसा चाले.

"बाई, नाव काढा तिचं," तो म्हणाला. "मले नाही पाहवत."

"मी नाही काढणार. तिलाच सांगा."

पंचफुला समोर येऊन उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"बाबा, कावून पाठ फिरवून राहिले तुमी?"

"भेव वाटते, बेटा. पुन्हा तशीच पडली तं?"

तिनं मैदानापलीकडे हात केला. घरांच्या छपरांवरून दूर, धुरकट उन्हात चिमणी दिसत होती.

"आमच्या वर्गाच्या खिडकीतून ते दिसते. माणूस नाही दिसत, लय दूर आहे. पण तुमी वर असता, हे मले मालूम असते. तुमचा सुटीचा भोंगा होईपर्यंत मी पाहून राहते. रोज. मी कधी पाठ नाही केली, बाबा."

इतक्या वर्षांत, आपण वर असताना खाली कुणाचं काय होतं, हे रामाजीच्या मनातच आलं नव्हतं. त्यानं तिच्या कोपरावरची वाळू हातानं झटकली.

"जा," तो म्हणाला. "मी पाहतो."

तो खड्ड्याच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला. पंचफुला धावली. त्यानं प्रत्येक पाऊल पाहिलं. तिचा पाय जमिनीवरून सुटला, अंग हवेत आडवं झालं. डोळे मिटावेसे वाटले. त्यानं मिटले नाहीत. तिची टाच काठीला लागली. काठी थरथरली, आणि जागेवर राहिली. पंचफुला वाळूत पडली, आपली आपण उठली, आणि तिनं आधी बापाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कामावर चढण्याआधी रामाजी स्टोअरच्या खिडकीशी गेला आणि त्यानं कमरेचा पट्टा मागून घेतला. उंचावर काम करताना बांधायचा तो पट्टा मागितला की मिळे. चार वर्षांत रामाजीनं तो एकदाही मागितला नव्हता.

त्याच्या जोडीचा कवडू शिडीपाशी उभा होता. त्याला हसू आलं.

"काय रामाजी, आता भेव वाटून राहिलं का?"

"हो," रामाजी म्हणाला, आणि पट्टा कमरेला आवळला.